दोन हजार सालचं गवत

सप्पोरो, १० जानेवारी २००५

देजिद,

हिवाळा कसा चाललाय? जनावरांच्या अंगावर मांस टिकून आहे ना? आणि तुझे गुडघे? दोन्हींचं उत्तर वेगवेगळं दे. मागच्या वेळी 'सगळं बरं' एवढंच लिहून मोकळी झालीस, त्यात मेंढ्या कुठल्या आणि गुडघे कुठले ते मला कळलंच नाही.

इथे खिडकीपर्यंत बर्फ साचलाय, पण ओला, जडशीळ. बुटाखाली करकरत नाही. परवा संध्याकाळी घरी येताना मी उगाच थांबून पाय आपटून बघत होते. शेजारच्या जपानी आजी घाबरून बाहेर आल्या.

काम संपत आलंय. तू आपल्या गवत संशोधन केंद्रातून वर्षानुवर्षं नकलून पाठवलेल्या वह्या आता सगळ्या संगणकात गेल्या. १९७८ पासून २००४ पर्यंत सत्तावीस उन्हाळे! पाऊस कधी आणि किती पडला, ऊन किती होतं, एवढं सांगितलं की ऑगस्टअखेर मोजणीच्या, जनावरांना बंद असलेल्या कुंपणातल्या एका चौरस मीटरवर किती ग्रॅम गवत उभं असेल, हे माझं मॉडेल सांगतं. मग मी तुझी वही उघडते आणि ताडून बघते. ते म्हणतं ६१, तू लिहिलेलं असतं ५९. ते म्हणतं ८८, तुझे ९०. एखादी गोष्ट दोघींना एकाच वेळी आठवावी तसं वाटतं.

फक्त एका जागी गाडी अडते. सन २०००. त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नव्हता. मॉडेल म्हणतं ३६. तू लिहिलंयस ७४, दुप्पट. पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला, मॉडेल म्हणतं ६९, आणि तुझ्या वहीत ४३! दुसऱ्या कोणाची वही असती तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण हात तुझा आहे. त्या उन्हाळ्यात काय वेगळं होतं ते आठवून लिही. आधी कधी मोठा पाऊस झाला होता का? खियाग गवताचे पुंजके दाट होते का? काहीही चालेल.

तुझी
उर्तनासन


केंद्र, २२ फेब्रुवारी २००५

उर्ता,

मेंढ्या ठीक. गुडघे वाईट. घे, झालं वेगवेगळं?

टेकडी चढून फोन केला असता, पण तिथे वारा आणि तुझा आवाज एकदम ऐकू येत नाहीत, त्यात वाराच जिंकतो. नव्या वर्षाचा त्सागान सार पार पडला. मी एकटीने मटण भरलेले आठशे बूझ वळून बाहेर गोठवले. लोक आले, खाल्ले, माझ्या तब्येतीबद्दल बोलले आणि निघून गेले. तुझ्या बाबांच्या नावाने एक ताटली वेगळी काढली होती. दाम्बाकाकांना जाऊन तीन वर्षं होतील आता, पण दार उघडलं की मला अजून वाटतं, तेच वाकून आत येतायत आणि टोपी काढायला विसरतायत.

तुझा उन्हाळा मला आठवत नाही बाई. उन्हाळे सगळे सारखे. मला आठवतो तो अठ्ठ्याहत्तरचा. आपण सतरा वर्षांच्या. कुंपणाचे खांब नुकतेच रोवले होते, आणि चौकट टाकून आतलं गवत मुळापाशी कापायचं काम आपल्याला मिळालं होतं. मी कापायची, तू कागदी पिशवी धरायची आणि शिंकायची. एका पिशवीत तू तुझं सुकं दही लपवलं होतंस आणि विसरलीस. ती पिशवी तशीच काट्यावर गेली. प्रमुखसाहेब आकडा बघून नाचायचेच बाकी होते! 'हा तुकडा बघा, हा तुकडा!' म्हणत ते उलानबातारला तार करायला निघाले, तेव्हा तू रडत जाऊन कबूल केलंस. मी मागे उभी राहून हसत होते. तुझ्यात धीर होता तेव्हाही.

पुढच्याच वर्षी शहरात शिकायला जायची एक जागा आली, ती तुला मिळाली. मी वाईट मानलं नाही, असं तुला तेव्हा म्हटलं होतं. थोडं मानलं होतं.

आकडे आहेत तसे आहेत. दोन वर्षांसाठी डोकं कशाला शिणवतेस? पंचवीस जुळले ना.

देजिद


सप्पोरो, १४ मार्च २००५

देजिद, वेडे,

तू डोकं शिणवू नकोस म्हणालीस, म्हणून मी आणखी शिणवलं. आणि सापडलं!

बघ, १९९९ चा उन्हाळा चांगला होता. मुळांनी भरपूर साठवलं असणार. मग २००० साली पाऊस हटला, तरी गवत त्या साठ्यावर उभं राहिलं. ७४ ग्रॅम! आणि त्यातच दमलं, म्हणून २००१ साली पाऊस येऊनही ४३ वरच राहिलं. म्हणजे गवत फक्त या वर्षीच्या पावसावर वाढत नाही. त्याला मागच्या वर्षाची आठवण असते. बाकीच्या वर्षांतही तिची पुसट खूण दिसते, पण तुझ्या त्या दोन आकड्यांवाचून ती कोणाला पटली नसती. मॉडेलमध्ये ही आठवण घातली आणि सगळं चपखल बसलं. मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता खरी गोष्ट. आपल्या प्रांताच्या शेती खात्याने माझ्याकडे या उन्हाळ्यासाठी सल्ला मागितला. पशुपालकांना वाटायला पत्रक छापतायत. मी लिहून दिलंय: मागचा उन्हाळा चांगला गेला आहे, त्यामुळे यंदा पाऊस ओढला तरी गवत ऑगस्टपर्यंत तग धरेल, जुलैत कळप घेऊन दूरच्या कुरणाला निघायची घाई करू नये. किती घरांची वणवण वाचेल, विचार कर. लेकरं, म्हातारी माणसं, वाटेत मरणारी कोकरं.

मला सारखे बाबा आठवतात. त्या वर्षी झुदच्या हिवाळ्याने, गवत बर्फाखाली गाडून, त्यांच्या तीनशे मेंढ्यांतल्या बहुतेक नेल्या. उरलेल्या चौतीस घेऊन अडुसष्टाव्या वर्षी ते एकटे उल्झ नदीकाठी चालत गेले आणि तीन महिन्यांनी सगळ्या जिवंत परत आणल्या. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवते. हे मॉडेल तेव्हा असतं, तर त्यांना जावंच लागलं नसतं. गवत घराशीच होतं!

तुझी, फार आनंदात असलेली,
उर्ता


केंद्र, ९ एप्रिल २००५

उर्तनासन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन चुलीत गेली.

गवत घराशी नव्हतं. ७४ खोटे आहेत. मी लिहिले.

दाम्बाकाका उल्झला गेले नाहीत. जुलैच्या वीस तारखेच्या आसपास, दुपारी, ते घोडं हातात धरून पायी आले. घोड्यावर बसवत नव्हतं, त्याच्याही बरगड्या मोजता येत होत्या. मी मिठाचा चहा दिला. त्यांनी वाटी हातात धरली, प्यायले नाहीत.

"देजिद, तुझ्या कुंपणात काय आहे?" म्हणाले.

मी म्हटलं, "काका, बाहेरच्यापेक्षा वीतभर जास्त आहे. पण ते मोजायचं गवत आहे."

"मोज ना. माझ्या मेंढ्यांच्या पोटात गेल्यावर मोज."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत. मग म्हणाले, "तीनशे दहा होत्या. चौतीस उरल्या. उल्झपर्यंत एकही पोचणार नाही. मी पण नाही."

मी म्हटलं, "उर्ताला कळवू या. ती काहीतरी करेल."

तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली. "ती काय करेल ते मला माहीत आहे. शिक्षण टाकून घरी येईल. तिला सांगायचं नाही."

"पण काका, ती तिकडे जपानात हेच गवत शिकायला गेली आहे. हेच. तिला या वर्षाचा आकडा लागेल."

"म्हणूनच तर. तिला शिकू दे," म्हणाले.

प्रमुख शहरात होते, महिनोन्महिने पगार नव्हता, केंद्रात मी एकटी. फाटकाची किल्ली माझ्या कमरेला. बावीस वर्षं मी त्या फाटकातून कोकरूही आत जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. मेंढ्या आत शिरल्या तेव्हा आवाज केला नाही. भुकेलं जनावर ओरडत नाही, ते तुलाही माहीत आहे. फक्त तोडण्याचा आवाज, चौतीस तोंडांचा.

ऑक्टोबर लागेपर्यंत त्या आत होत्या. आम्ही दोघं रोज पोती घेऊन लेंड्या गोळा करायचो, कोणी पाहणीला आलं तर खूण नको म्हणून. काका म्हणायचे, "विज्ञानाची सेवा करतोय." हिवाळाभर त्याच लेंड्या मी जाळल्या.

ऑगस्टअखेर मी नेहमीसारखी चौकट टाकली. आत खुरांचे ठसे आणि दोन बोटं खुंट. मग घरी येऊन मागच्या बावीस वर्षांची सरासरी काढली. सत्तर आली. सत्तर अगदीच अंदाजपंचे दिसतं, म्हणून चौऱ्याहत्तर लिहिलं. पुढच्या वर्षीचे ४३ खरे आहेत. कुरतडलेलं कुरण तेवढंच उगवलं. बाकी पंचवीसही खरे आहेत, माझ्या आईची शपथ.

त्यांना शब्द दिला होता म्हणून पाच वर्षं गप्प होते. फेब्रुवारीतसुद्धा तुला उडवून लावलं. पण तू लिहिलंस, जुलैत निघायची घाई करू नये. उर्ता, इथे अजून एकदाही पाऊस झालेला नाही. पत्रकं काल आली. शाळेच्या दारावर लावलीयत आणि लोक खूश आहेत. ती काढायला लाव. मला जे काय म्हणायचं ते नंतर म्हण.

देजिद


केंद्र, २० मे २००५

उर्ता,

पत्र मिळालं की नाही? पोचलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सगळं लिहून सोबत दिलंय. पोचलं असेल आणि तू बोलणार नसशील, तर तेही समजेन.

एप्रिल-मे मिळून नऊ मिलिमीटर पाऊस. एवढं तरी घे.

देजिद


सप्पोरो, ३ जून २००५

देजिद,

पहिलं पत्र एप्रिलअखेरीसच मिळालं होतं. मी ते महिनाभर पिशवीत घेऊन फिरले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

आधी राग सांगून टाकते. फाटक उघडलंस याचा नाही. तू उघडलं नसतंस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलले नसते. राग त्या चौऱ्याहत्तरचा आहे. ती जागा रिकामी सोडायची होतीस. 'मोजता आलं नाही' एवढं लिहिलं असतंस, तरी मी काही विचारलं नसतं. रिकामी जागा मला चालली असती गं. खोट्या आकड्यावर मी दोन महिने घालवले, आणि माणसांना घरी थांबा म्हणून सांगितलं.

आणि राग बाबांचाही आहे. त्यांचं पत्र काढून पुन्हा वाचलं. उल्झकाठच्या विलोच्या झाडांच्या सावलीचं किती सुंदर वर्णन केलंय त्यांनी! दोन पानं! त्यांनी इतकं लांब पत्र त्याआधी कधीच लिहिलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. इतकी वर्षं मी त्यांना नदीकाठी ताठ मानेने चालताना पाहत होते. आता ते तुझ्या कुंपणात पोतं घेऊन वाकलेले दिसतात, आणि खरं सांगू? हे जास्त ओळखीचे आहेत. 'विज्ञानाची सेवा' हे वाचून मी आगगाडीत मोठ्याने हसले आणि मग उतरायचं स्टेशन निघून गेलं.

आता काम. मी २०००चा आकडा काढून टाकला. मग मॉडेलला तू लिहिलेल्या चौतीस मेंढ्या सांगितल्या: बारा हेक्टर, जुलै ते सप्टेंबर. आणि त्याला २००१ विचारलं. ते म्हणालं ४५. तुझ्या वहीत ४३ आहेत. म्हणजे बाबांच्या मेंढ्या खऱ्या होत्या, हे माझ्या मॉडेललाही कळलं.

गवताची आठवण मात्र गेली. अगदी थोडी उरली आहे, दोन-चार ग्रॅमांची. तेवढ्यावर कोणाचं जनावर जगत नाही.

मी खात्याला माझ्या नावाने कळवलंय की सल्ला चुकीचा होता, पत्रक मागे घ्या. इथल्या प्राध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. पुढच्या वर्षीचा करार बहुधा होणार नाही.

तू पाठवलेला पाऊस घातला. जूनही असाच गेला, तर ऑगस्टअखेर ३८. खात्याचा नवा कागद तिथे पोचायला महिना लागेल, आणि तोपर्यंत उशीर होईल. म्हणून हे पत्र उलानबातारला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर देते आहे. तो ते चोइबालसानमार्गे गावाकडे येणाऱ्या ट्रकवर चढवेल. मिळताक्षणी गावात वाचून दाखव: जुलैच्या आधी उत्तरेला निघा. लोक विचारतील, एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरं का? तेव्हा चूक माझी आहे असं सांग. मेंढ्यांचं बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल.

आणि वहीतली ती ओळ तुझ्याच हाताने दुरुस्त कर. बाबांचं नाव घालायचं की नाही ते तू ठरव.

उर्ता


केंद्र, ४ सप्टेंबर २००५

उर्ता,

तुझं पत्र एकवीस जूनला मिळालं. ट्रकवाल्याने ते टोपीत ठेवलं होतं, त्यामुळे वाचताना घामाचा वास येत होता.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या अंगणात लोकांना बोलावलं. चाळीसेक जण आले. मी तुझा सल्ला वाचला. लगेच कुजबुज सुरू झाली. गोंचिगची सून उठून म्हणाली, "जपानात बसून बाई कधी थांबा म्हणते, कधी निघा म्हणते. आम्ही काय तिची बुद्धिबळातली घोडी?"

तू म्हणाली होतीस, चूक तुझी म्हणून सांग. ते मला सांगवेना. मग सांगून टाकलं. फाटक, दाम्बाकाका, पोती, चौऱ्याहत्तर, सगळं. सांगता सांगता कागद खाली पडला.

मग सोद्नोम आजोबा, ते नव्वदीचे झालेत आता, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "पोरी, हे नवीन काय सांगतेस? चौतीस मेंढ्या तीन महिने वारा खाऊन जगल्या, असं वाटलं होतं का आम्हाला? टेकडीवरून तुझं कुंपण दिसतं."

आणि सगळे हसायला लागले! सगळ्यांना माहीत होतं, उर्ता! पाच वर्षं! माझ्यापुढे कोणी एक शब्द काढला नाही. गोंचिगची सून तर म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हालाच कोणाला कळू द्यायचं नाहीये." मी एवढी चिडले की तशीच घरी निघून आले. अर्ध्या वाटेत मलाही हसू फुटलं.

जुलैच्या आत सव्वीस घरं उत्तरेला निघाली. अकरा राहिली. त्यांतल्या सात घरांनी ऑगस्टमध्ये घाईने कळप हलवले, वाटेत त्यांची बरीच कोकरं गेली. सव्वीस घरांकडून निरोप आलाय, जनावरं धड आहेत. तुला आभार कळवायला सांगितलेत. एक सुक्या दह्याचं पोतं पण आलंय, ते मी खाते आहे.

३० ऑगस्टला गवत कापलं. वाळवलं. एकोणचाळीस भरलं. तुझे अडतीस. चांगलं आहे, पण फुगू नकोस.

वही दुरुस्त केली. ७४ वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'या वर्षीचं गवत दाम्बा यांच्या चौतीस मेंढ्यांनी खाल्लं. फाटक मी उघडलं. मोजता आलं नाही. देजिद.' नाव घातलं. त्यांना आवडलं नसतं, पण ते खाल्लेल्या गवताबद्दल खोटं बोलले, मी न मोजलेल्या गवताबद्दल बोलले. दोघांपैकी एकाने तरी सरळ व्हायला हवं ना.

खात्याचा माणूस येऊन ती पानं बघून गेला. तरुण आहे. खूप वेळ वाचत राहिला, मग विचारलं, "त्या मेंढ्यांचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, आठ वर्षांच्या म्हाताऱ्या होऊन त्यातल्या चार, काका गेल्यापासून, माझ्याच कळपात आहेत. बाहेर जाऊन बघून आला. नोकरीबद्दल अजून काही कळवलेलं नाही. तसंही पुढच्या वर्षी मी पंचेचाळीस पूर्ण करते, गुडघे आणखी किती चालतील माहीत नाही, आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. डाव्या डोळ्याने आता काट्यावरची बारीक रेघ दिसत नाही. उजवाही धरसोड करतो. यंदाचे एकोणचाळीस शाळेतल्या शिक्षिकेने वाचले, मी फक्त लिहिले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आकडा लिहिणं मला जमत नाही. तिच्यावर विश्वास आहे, तरी तीनदा वाचायला लावलं, तेव्हा ती रुसली.

जाताना त्या तरुणाने विचारलं, तुमच्यानंतर इथे कोण? मी म्हटलं, एकजण आहे, पण ती फार शिकलेली आहे, तिला हे काम झेपेल की नाही माहीत नाही.

ट्रक चोइबालसानहून इकडे यायला दर सोमवारी निघतो. पुढे बसायला मिळालं तर उत्तम, मागे धूळ फार असते आणि तू शिंकतेस.

देजिद